घासलेली टायरं आणि निमोण्यापुढचं वळण

शिरूर,
रविवार, सकाळ

आदरणीय दादा,

धाकट्या मायाचा तुम्हाला मनापासून जयभीम. गौतमीचाही मामांना जयभीम. तुमच्या दाजींचा जयभीम मी त्यांना न विचारताच लिहितेय. ते सकाळपासून अंगणात गाडीकडं पाठ करून बसलेत, आणि अशा वेळी त्यांना काही विचारलं की ते आधी घसा खाकरतात, मग चष्मा पुसतात, आणि तोवर विचारणारा म्हातारा होतो. इकडं सगळं ठीक आहे असं पत्रात लिहायची रीत आहे म्हणून लिहिते; कितपत ठीक आहे ते तुम्हीच वाचून ठरवा. तुमचा गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब घालता ना वेळेवर? डबेवाल्या बाई भाजीत फार तेल घालतात असं मागं म्हणाला होतात, त्यांना सांगा, की माझी बहीण नर्स होती आणि ती एक दिवस येऊन तुमच्या कढईत डोकावणार आहे. गौतमीनं आणून दिलेलं कानाचं मशीन कपाटात आहे की कानात? (मला माहीत आहे, कपाटात.)

मशीनवरून आठवलं असं नाही, पत्र मुळात त्याच्यापायीच लिहावं लागतंय. अनिता वहिनींना जाऊन वर्ष झालं, त्या दिवशीच्या पुण्यानुमोदनाला आम्ही आलो नाही. अख्खा रेल्वेचा मोहल्ला आला, भन्तेजी आले, वहिनींच्या माहेरचे पार सोलापूरहून आले, आणि शिरूरहून सख्खी नणंद आली नाही. त्या दिवशी मी फोन करून तुम्हाला सांगितलं, की दादा, गाडी फिरली, घरी आलो. तुम्ही ऐकलंत, गावी फिरायला आलो. इंजिनांच्या शिट्ट्यांनी तुमचे कान गेले त्यात तुमचा दोष नाही. पण तुम्ही ज्या आवाजात "फिरा, फिरा, मजा करा" म्हणालात तो आवाज अजून माझ्या पोटात आहे. त्यानंतर तुम्ही माझा फोन उचलला नाहीत. तेव्हा जे झालं ते आता कागदावर लिहिते. कागदावरचं तरी चुकीचं ऐकू येत नाही.

सुरुवात टायरांपासून झाली. आमच्या पांढऱ्या गाडीची पुढची दोन्ही टायरं घासून घासून अशी गुळगुळीत झाली होती की टाकी लावायला आलेलं जातं बरं. मागची दोन मात्र बरी होती. दाजी म्हणाले, अदलाबदल करू. मागची चांगली पुढं घेऊ, पुढची घासलेली मागं टाकू, अजून वर्षभर सहज चालतील. तुम्हाला माहीत आहे, एस.टी.च्या आगारात स्टोअरला त्यांची सगळी नोकरी गेली. त्यांच्या मते जगात दोनच गोष्टी सिद्ध झालेल्या आहेत, एक पृथ्वी गोल आहे आणि दुसरी, नवं टायर पुढं आणि जुनं मागं. पुढचं फुटलं तर स्टेअरिंग हातातून जातं. मागचं काय, ते बिचारं नुसतं ओढत येतं.

गौतमी रांजणगावला कंपनीत आहे, तिथं त्यांना सुरक्षेचं ट्रेनिंग देतात. ती म्हणाली, "पप्पा, बसला मागं जोडटायर असतात आणि वर पन्नास माणसं दाबून बसलेली असतात. आपल्या गाडीत मागं एकटी मम्मी असते." (माझं वजन या घरात पहिल्यांदाच कमी पडलं.) मग ती पुढं जे बोलली ते मी विसरलेले नाही. ती म्हणाली, "पुढची चाकं सरकायला लागली तर स्टेअरिंग हाताला सांगतं. मागची सरकली तर कोणी सांगत नाही. एकदम शेपूटच पुढं येतं." दाजींनी चष्मा पुसला, गाडी काढली, आणि बायपासला नवनाथच्या गॅरेजवर नेऊन अदलाबदल करायला सांगून आले. संध्याकाळी गाडी घेऊन आले तेव्हा निवडून आल्यासारखे हसत होते.

आता दाजींबद्दल तुम्हाला वेगळं काय सांगायचं, पण पुढचं कळण्यासाठी एवढं लक्षात ठेवा, की आमच्या वॉर्डात अंधश्रद्धेच्या विरुद्ध पहिला हात त्यांचा वर जातो. विहारात दर पौर्णिमेला त्यांचं भाषण असतं. नारळातून काळी चिंधी काढून दाखवतात, लिंबातून रक्त काढून दाखवतात आणि मग ते कसं काढलं तेही दाखवतात. कुणाच्या अंगात आलं असं कळलं तर हे भाकरी टाकून निघतात. बावीस प्रतिज्ञा त्यांना झोपेत पाठ आहेत. मीही जन्म आरोग्य केंद्रात काढला, माणसं जन्मताना पाहिली, जाताना पाहिली, कुठल्या खोलीत मला कधी कुणी भेटलं नाही. तर हे असं घर. या घरातली माणसं त्या सकाळी उजाडताना तुमच्याकडं दौंडला निघाली.

दाजी गाडी चालवत होते, गौतमी त्यांच्याशेजारी, मी मागं, मांडीवर खिरीचा डबा. वहिनींना आवडायची तशी, वेलदोडा जरा जास्त. शिरूर सोडलं तेव्हा हवा स्वच्छ होती. निमोणं मागं पडलं आणि धुकं आलं. समोरून नाही आलं, दादा, उसातून आलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता आणि त्याच्या बुडातून ते पांढरं रस्त्यावर सांडत होतं, दूध उतू जाताना सांडतं तसं, पण आवाज न करता. थोड्या वेळानं ऊसही दिसेना. मग गाडीचं बॉनेट दिसेना. दाजी फार हळू चालवत होते. (ते नेहमीच हळू चालवतात, सायकलवाले पुढं जाताना त्यांना नमस्कार करतात.)

एक वळण आलं. त्यांनी जरासा ब्रेक दाबला, आणि गाडीचा मागचा भाग, म्हणजे जिथं मी बसले होते तो, आपला आपण निघाला. धक्का नाही, टायरचा आवाज नाही. झोपलेल्या माणसानं कूस बदलावी तशी गाडी फिरली. माझ्या काचेतून उसाची कड सरकत गेली, मग काहीच नाही, मग पुन्हा उसाची कड. मांडीवरचा डबा हललासुद्धा नाही. मग गाडी थांबली. इंजिन चालू होतं पण ते लांब कुठं तरी चालू असल्यासारखं वाटत होतं. पाखरू नाही, पंप नाही, कुत्रं नाही. माणूस गेल्यावर खोलीत एक शांतता येते, नातेवाईक रडायला लागायच्या आधीची. मी ती नोकरीत खूपदा ऐकलीय. ती शांतता त्या दिवशी उघड्या रस्त्यावर होती.

गौतमीनं विचारलं, "पप्पा, तोंड कुणीकडं झालं आपलं?"

दाजी खाली उतरले. दोन पावलं गेले आणि दिसेनासे झाले. त्यांच्या चपला ऐकू येत होत्या, मग त्याही येईनात. मी हाक मारली, ओ आली नाही. आणि ते ज्या बाजूला गेले होते त्याच्या उलट्या बाजूनं येऊन दार उघडून बसले.

"पूर्ण गिरकी झाली," ते म्हणाले. "तोंड दौंडलाच आहे."

"कशावरून?"

"अनुभवावरून."

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. बाईचा, म्हातारा, अगदी काचेजवळून. "फिरलात व्हय?"

आम्हाला कुणी दिसत नव्हतं. गौतमीनं मोबाइलची बॅटरी लावली, तर उजेडाची पांढरी भिंत झाली आणि जे थोडंफार दिसत होतं तेही गेलं. दाजींनी काच खाली करून आवाजाच्या दिशेनं विचारलं, की बाई, दौंडचा रस्ता हाच ना? मग तो आवाज म्हणाला, "जे फिरतंय ते घरला जातंय. जावा आता सरळ."

"बघा, सरळ जा म्हणतायत," दाजी म्हणाले आणि निघाले.

पुढं काय काय झालं ते आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा गाडीत कुणाला हसू येत नव्हतं. एक शाळा लागली. येताना अशीच एक डाव्या हाताला लागली होती, ही उजव्या हाताला. दाजी म्हणाले, महाराष्ट्रात शाळांना काय तोटा. मग एक गाव धुक्यातून गेलं, ते म्हणाले, हे इनामगाव. आता भीमेचा पूल येईल, आता येईल, असं ते म्हणत राहिले आणि पूल येत नव्हता. आणि एकदम, कुणी चादर ओढून घ्यावी तसं धुकं गेलं. समोर ऊन, डांबरी रस्ता आणि एक कमान. दाजी कौतुकानं म्हणाले, "दौंडवाल्यांनी पण आपल्यासारखीच कमान केली की." दादा, मलाही क्षणभर तसंच वाटलं. गल्लीही आपल्यासारखीच वाटली. नळही तसाच. मग शेजारच्या भागुबाई अंगण झाडता झाडता थांबल्या आणि म्हणाल्या, "आं? लगीच आलात? काय इसरलं?"

आम्ही आमच्याच दारात उभे होतो. सकाळी मी धुऊन टाकलेली माझी साडी दोरीवर वाळत होती. घराचं दार बंद होतं. खरं सांगते, तुम्हालाच सांगते, त्या वेळी मला वाटलं की आता हे दार उघडेल आणि आतून मीच बाहेर येईन.

तेव्हाच परत निघालो असतो तर दुपारच्या जेवणापर्यंत तुमच्याकडं पोचलो असतो, हे तुमच्या मनात येईल. माझ्याही आलं. पण दाजी गाडीतून उतरेनात. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर दोरीवरच्या साडीवर. मी रक्तदाब पाहिला आणि मशीननं दाखवलं ते त्यांना सांगितलं नाही. डॉक्टरांनी गोळी दिली, काही दिवस गाडीला हात लावायचा नाही म्हणाले. मग तुम्हाला फोन केला आणि त्या फोनचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. खीर भागुबाईंच्या घरी गेली.

दाजींना बरं वाटलं तसं त्यांनी गाडी पुन्हा नवनाथकडं नेली, एका बाजूला ओढतेय का बघून ठेव म्हणून. आल्यावर म्हणाले, काही नाही, धुक्यानं दिशा चुकली, एवढंच. गौतमी टायर म्हणायला तोंड उघडत होती, मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. आणि पुढं एका रविवारी, चांगलं लख्ख ऊन बघून, दुपारी आम्ही परत निघालो. मध्ये अवकाळी सर येऊन गेली होती, पण धुकं नव्हतं, लांबचं लांब दिसत होतं. या वेळी माझ्याशेजारी मागच्या सीटवर तुमच्यासाठी शिवलेली गोधडी होती. वहिनींच्या तुम्ही मला दिलेल्या साड्यांची शिवलीय, वर त्यांची हिरवी, काठाची. उंच गुंडाळी झाली होती, ती आडवी पडली की वळणावर माझ्या अंगावर येई, म्हणून गौतमीनं ती उभी करून तिला पट्टा लावला होता.

त्याच वळणावर उसाच्या ट्रॅक्टरांनी आणलेली माती पावसानं राड झाली होती. दाजींनी ब्रेक दाबला, आणि या वेळी मागचं सगळं खवळून पुढं आलं. चाकं ओरडली, चिखल काचेवर आला, माझं डोकं गोधडीवर आपटलं आणि गाडी रस्त्याच्या कडेला गवतात जाऊन शिरूरकडं तोंड करून थांबली. समोर, उसाच्या कडेला, एक म्हातारी उभी होती. हातात थाळी, थाळीत वाफा येणारे कप.

"आलात?" ती म्हणाली. "उतरा, च्या घ्या."

आवाज तोच होता. अनसाबाई तिचं नाव, वळणावरच वस्ती आहे तिची, उसाच्या पलीकडं. आम्ही उतरलो. चिंचेखालच्या दगडावर बसलो. मी विचारलं, की चहा केव्हा ठेवला होता? तर म्हणाली, "तुमी निमोण्यात व्हता तवा." गौतमी माझ्या कानात म्हणाली, ऊसतोडीवाल्यांसाठी करत असेल. असेल. पण कप चार होते. आम्ही तिघं. अनसाबाईनं चौथा कप हातात धरला, गाडीकडं पाहिलं आणि म्हणाली, "त्या मागच्या बाई उतरत न्हाईत का? उनात बसल्यात मघाधरनं."

दादा, आम्ही तिघांनी वळून पाहिलं. मागच्या काचेतून हिरवी साडी दिसत होती. जरा एका बाजूला कललेली, वहिनी गालाला हात लावून बसायच्या ना, तशी.

मग गौतमी हसायला लागली. गोधडी! म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, मला तो लांबूनही दिसत होता. मग दाजी हसले, गौतमीपेक्षा मोठ्यानं. मीही हसले. अनसाबाई हसली नाही. तिनं तो कप नेऊन गाडीच्या टपावर ठेवला आणि परत आली.

आमचे कप हातात होते, तेवढ्यात दौंडकडून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, वर कर्ण्यावर गाणी, वळण कापून पार आमच्या बाजूनं. गाडी फिरली नसती तर आम्ही ज्या बाजूनं सरळ जात असतो, त्याच बाजूनं तो कुठंही न थांबता गेला. मागची ट्रॉली लचकत लचकत गेली. रस्त्यावर उसाची कांडी पडली आणि तिथल्या तिथं चेंगरली. दाजींच्या कपातला चहा सांडून त्यांच्या विजारीवर गेला, त्यांना तो पोळलासुद्धा नाही.

मी अनसाबाईला विचारलं, की इथं नेहमीच गाड्या फिरतात का? ती म्हणाली, "फिरत्यात कवा कवा. जे फिरलं ते च्या पिऊन घरला जातंय."

"आणि फिरत नाहीत ते?"

"त्ये मला कसं ठावं असंल?" ती म्हणाली. "त्ये काय सांगाया येत्यात व्हय?"

आम्ही घरी आलो. दौंडकडं गाडी वळवायला दाजी तयार झाले नाहीत. टपावरचा कप काढायला मात्र कुणाचा हात गेला नव्हता. अनसाबाईनंच तो उचलला होता. त्यातला चहा संपलेला होता. (ट्रॅक्टरच्या हादऱ्यानं सांडला असेल. मी पाहिलं नाही.)

जेवताना गौतमीनं ताटावरून मान वर न करता सांगून टाकलं, "पप्पा, भूतबीत काही नाही. घासलेली टायरं मागं टाकलीत म्हणून गाडी फिरते. दोन्ही वेळा तेच झालं. दोन नवी घेऊ, मागं लावू, आणि ही घासलेली काढून टाकू."

आता दाजींची अडचण बघा. जन्मभर सांगत आले की प्रत्येक गोष्टीला कारण असतं, शोधा. शोधलं, तर कारण त्यांचंच निघालं. टायर म्हणावं तर पोरगी बरोबर आणि आगारातली सगळी नोकरी चूक. टायर नाही म्हणावं तर मग उरतं ते उसातलं, चार कप मांडणारं. मी जेवण थांबवून त्यांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांनी घसा खाकरला. चष्मा पुसला. आणि म्हणाले, "भूत नसतं, यावर मी ठाम आहे. फक्त तेवढं एक वळण वगळून."

दादा, आपल्या आईनं घरातले देव नदीत सोडले तेव्हा तुम्ही तिचा हात धरून होतात असं तुम्ही सांगता. त्या घरच्या जावयानं टायरांची बाजू सांभाळायला भूत पत्करलं. मला हसावं की रडावं कळेना. गौतमी उठून हात धुवायला गेली ती बराच वेळ आलीच नाही.

शेवटी तिनंच नवी टायरं आणून मागं बसवून घेतली. जी बरी होती ती पुढं, आणि घासलेली दोन्ही नवनाथकडं टाकून दिली. परवा सकाळी, तिची दुपारची पाळी होती म्हणून तेवढ्या वेळात, चाचणी घ्यायला आम्ही वळणापर्यंत गेलो. गाडी गौतमी चालवत होती. दाजी शेजारी डोळे मिटून बसले होते आणि ओठ हलत होते. प्रतिज्ञा म्हणत होते की दुसरं काही, विचारलं नाही. वळणावर तसाच चिखल होता. गौतमीनं मुद्दाम ब्रेक दाबला. गाडी जराही ढळली नाही. सरळ, रुळावरून गेल्यासारखी गेली.

चिंचेखाली अनसाबाई उभी होती, थाळी घेऊन. आम्ही तिच्यासमोरून निघून गेलो. तिनं हात केला नाही, हाक मारली नाही. नुसतं पाहिलं, जसं मी गेलेल्या पेशंटला बाहेर नेताना पाहायचे. मग थाळीतले कप एकेक करून पालथे घातले. मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं, की गाडी फिरली असती तर बरं झालं असतं असं मनात येऊन गेलं. दोन्ही वेळा फिरलो तेव्हा भीती वाटली होती. सरळ गेलो तेव्हा जी वाटली ती वेगळी होती. पुढच्या गावातून वळून आम्ही परत आलो, वाटेत काहीही झालं नाही, समोरून साधी बैलगाडीसुद्धा आली नाही. परतताना चिंचेखाली कुणी नव्हतं. गौतमी म्हणाली, "बघितलंत पप्पा?" दाजींनी डोळे उघडले आणि म्हणाले, "कधी कधी ते जागेवर नसतं."

तेव्हापासून ते असे बसलेत. पौर्णिमा जवळ आलीय, विहारात भाषण आहे, विषय महिनाभर आधी फळ्यावर लिहिलाय, आणि खोटं बोलता येत नाही हा या माणसाचा स्वभाव. जेवण अर्धं टाकतात. गौतमी त्यांच्याशी बोलायला जाते तर टायरकडं बघून उठून जातात. एका घरात बाप-लेक एकमेकांना वळसा घालून चालतात.

तर दादा, आम्ही का आलो नाही ते हे असं आहे. बहीण विसरली असं मनात आणू नका. पुढच्या रविवारी येतोच आहोत. वहिनींच्या फोटोपुढं तुमच्या हातानं मेणबत्ती लावायची आणि ती लावेपर्यंत माझ्यावर रागवायचं नाही, एवढं ऐका. थेंब घाला, मशीन कानात घाला, आणि मोठ्या भावानं धाकटीवर जेवढा जीव लावायचा असतो तेवढा असू द्या.

तुमची,
माया

ता. क. – खरं म्हणजे पत्र याच्यासाठी लिहायला घेतलं होतं आणि मुख्य तेच वर लिहायचं राहिलं. तुम्ही दाजींना दोन ओळी लिहा. लिहा, की पूर्वी सायकलवरून शिरूरला येताना त्या वळणावर तुम्हीही एकदा असेच फिरला होतात आणि कुणाला सांगितलं नव्हतंत. फिरला नव्हतात हे मला माहीत आहे. तुम्ही आयुष्यात खोटं लिहिलेलं नाही हेही माहीत आहे. पण रेल्वेचा माणूस म्हणून ते तुम्हाला मानतात, आणि सोबतीला कुणी आहे म्हटल्यावर ते दोन घास जास्त जेवतील. मग पौर्णिमेच्या आत मी हळूहळू त्यांना टायरांपर्यंत आणते.

ता. क. दुसरं – पाकीट चिकटवत होते तेवढ्यात नवनाथ आला. दाजी आंघोळीला गेलेत बघून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला, टोपी हातात. म्हणाला, "काकी, मनात ठिवून झोप लागंना. काकांनी पैल्यांदा गाडी आणली तवा म्या टायरं बदललीच न्हाईत. जॅक बसला व्हता. नुसती हवा भरली आन् दिली. मागनं पुन्यांदा आणली तवा गुपचूप बदलली. बोलू नका काकांना." मी त्याला चहा दिला आणि पाठवलं.

म्हणजे दादा, दुसऱ्यांदा फिरलो ते टायरांनी. पण धुक्याच्या त्या सकाळी घासलेली टायरं पुढंच होती आणि मागची चांगली होती. मागून सरकायचं गाडीला काही कारणच नव्हतं. गौतमी तिथंच डबा भरत होती, तिनं सगळं ऐकलं. झाकण न लावताच डबा पिशवीत टाकला आणि मला म्हणाली, "मम्मी, रविवारी चौफुल्याकडून जाऊ. लांब पडलं तर पडू दे."

तेव्हा पहिलं ता. क. खोडलं असं समजा. दाजींना काहीही लिहू नका आणि हे पत्र वाचून झालं की फाडून टाका, ते आमच्यासोबत येणार आहेत आणि तुमच्याकडं टेबलावर पडलेलं काहीही वाचतात. त्या वळणावर काय आहे ते असू दे, तिथून न जाता जन्म काढता येईल. पण भुताच्या बाबतीत आपणच बरोबर होतो हे जर त्यांना कळलं, तर ते जन्मभर ऐकवतील, आणि दादा, मला राहायचं आहे त्यांच्याबरोबर.